नाशिककरांनो, आपल्या नदीच्या, पावसाच्या, पाखरांच्या नोंदी ठेवायच्या का?

पाणवठा | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गोदावरीचं काँक्रीट, पाणवेली, रस्त्यासाठी जाणारी झाडं, यातला कुठलाही विषय निघाला की नाशिककर तळमळीने बोलतात. पण त्याच चर्चेत कुणी "दहा वर्षांपूर्वी इथे नेमकं काय होतं?" असं विचारलं की सगळे आठवणींवर येतात. आठवणी खऱ्याच असतात, पण त्यांना तारीख नसते, वेळ नसते आणि दुसऱ्या कुणाला त्या पडताळून पाहता येत नाहीत. म्हणून हा धागा काढते आहे. रोजच्या वाटेवर जे दिसतं ते आपण शास्त्राच्या कामी येईल अशा रीतीने टिपून ठेवू शकतो. त्यासाठी पदवी लागत नाही, महागडा कॅमेरा लागत नाही.

कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत नाताळात पक्ष्यांची शिकार करायची पद्धत होती. १९०० साली काही लोकांनी बंदुकीऐवजी वही उचलली आणि पक्षी मोजले. ती गणना आजही दर वर्षी होते. आपल्याकडे आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. २००२ मध्ये ई-बर्ड हे पक्षीनोंदींचं संकेतस्थळ आलं आणि कुणालाही कुठूनही पक्ष्यांची यादी टाकता येऊ लागली. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा जो अहवाल आहे, तो अशाच ३० हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला आणि त्यातल्या १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं निघालं. शिकारी पक्षी, चिखलातले पाहुणे पक्षी आणि बदकं जास्त घटली आहेत.

हे गणित बसतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. एका ठिकाणाहून आलेल्या शंभर याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आहे, हे बघतात. पाच वर्षांनी पुन्हा बघतात. म्हणजे चिमणी दिसली नाही ही सुद्धा माहितीच. पण ती माहिती कधी मिळते, तर यादी पूर्ण असेल तेव्हा. जे जे ओळखता आलं ते सगळं लिहायचं. कावळे, साळुंक्या, पारवे, सगळे. नुसता दुर्मिळ पक्ष्याचा फोटो टाकला तर तो पक्षी तिथे होता एवढंच कळतं. कावळ्यासकट लिहिलेल्या पंधरा मिनिटांच्या यादीतून त्या जागेचं चित्र उभं राहतं.

चिमणीचंच बघा. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून साजरा होतो आणि त्यामागचे मोहम्मद दिलावर आपल्या नाशिकचे. चिमण्या सगळीकडून नाहीशा झाल्या असं आपण म्हणतो, पण २०२० च्या अहवालात निघालं की देशभराचा विचार केला तर गेल्या २५ वर्षांत चिमणी साधारण टिकून आहे, घट आहे ती मोठ्या महानगरांत. मग नाशिकचं काय? सिडकोत काय, जुन्या नाशकातल्या वाड्यांत काय, मखमलाबादच्या मळ्यांत काय? याचं उत्तर त्या त्या भागातल्या माणसांनी याद्या टाकल्या तरच मिळणार.

फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवसांची पक्षीगणना असते, शुक्रवार ते सोमवार. भारत त्यात २०१३ पासून आहे. निदान पंधरा मिनिटं एका जागी थांबायचं, दिसेल आणि ऐकू येईल ते लिहायचं. आपण या वेळी नाशिकमधून एकत्र करूया का? कुणाला पाणी, पाऊस, झाडं यात रस असेल तर तेही इथेच लिहा.

नवखा_इंदिरानगर | शनिवार, रात्री १०:१५

मस्त धागा ताई. मला फक्त कावळा, चिमणी, पोपट आणि घार ओळखता येते. चालेल?

पाणवठा | शनिवार, रात्री १०:३२

अगदी चालेल. जे ओळखता येतं ते खात्रीने लिहा, बाकीचं सोडून द्या. अंदाजाने नाव लिहू नका, एवढं एकच पथ्य. बदक आहे पण कुठलं ते कळत नाही, तर 'अनोळखी बदक' अशी नोंदही ई-बर्डमध्ये करता येते. मराठी नावं लावून घेता येतात, त्यामुळे इंग्रजीचं दडपण घेऊ नका. मर्लिन नावाचं ॲप आवाजावरून नाव सुचवतं, पण ते सुचवतं म्हणून लिहायचं नाही. त्याने सांगितलेला पक्षी झाडावर शोधायचा आणि दिसला की लिहायचा.

सातपूरकर | रविवार, सकाळी ८:०५

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. नोंदी, अहवाल, नकाशे, हे सगळं आपण वर्षानुवर्षं बघतोय. नदीत नाल्याचं पाणी जातंय हे सांगायला शास्त्र लागतं का? वास येतो. डोळ्यांना दिसतं. २०२५ च्या शेवटी तपोवनातली झाडं तोडण्यावरून एवढं रान उठलं, तेव्हा लोक रस्त्यावर आले म्हणून दखल घेतली गेली, वह्या भरल्या म्हणून नाही. तुमच्या याद्यांनी कुणाचा निर्णय बदलला, हे एखादं उदाहरण देऊन सांगा.

पाणवठा | रविवार, सकाळी ११:२०

@सातपूरकर, राग कसला! प्रश्न रास्त आहे.

गिधाडांचं उदाहरण देते, कारण ते आपल्या जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचतं. भरतपूरच्या केवलादेवमध्ये १९८० च्या दशकात गिधाडांची मोजणी झालेली होती. नव्वदच्या दशकात तिथेच पुन्हा मोजलं तेव्हा घसरण आकड्यांत दिसली. आधीची मोजणी नसती तर "हल्ली गिधाडं कमी दिसतात बुवा" यापलीकडे कुणी काही सिद्ध करू शकलं नसतं. मग कारणाचा शोध सुरू झाला. गुरांना देतात ते डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त गेली होती. पुढे २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. आपल्याकडे हरसूलजवळ खोरीपाड्याला वन विभाग आणि गावकरी गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवतात, तिथे उतरणारी गिधाडं हे त्या सगळ्या साखळीचं शेवटचं टोक आहे.

ते काम शास्त्रज्ञांचं होतं, मान्य. पण शास्त्रज्ञ मूठभर आहेत आणि नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके. प्रत्येक तळ्यावर, प्रत्येक नाल्यावर त्यांनी कसं उभं राहायचं?

तपोवनाबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे, लोक उभे राहिले म्हणूनच दखल घेतली गेली. पण हरकत लिहायला बसल्यावर "या झाडांवर कोणते पक्षी राहतात, कोणते थंडीत येतात, घरटी कधी होतात" हे जर तारखांसह हाताशी असेल तर हरकतीला वजन येतं. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळांनी या नोंदवहीचा आग्रह आयुष्यभर धरला, तो यासाठीच. गावातली माहिती गावाच्या हातात असावी आणि निर्णय घेताना ती उघडली जावी. आपल्या भागाची नोंदवही बघायला मागा. त्यात आपल्या ओढ्याचं, देवराईचं, आमराईचं नाव आहे का ते वाचा.

जुनंनाशिक | रविवार, दुपारी १२:४५

एक आठवण करून देतो. नाशिककर हे काम पिढ्यान् पिढ्या करत आलेत. गोदेला पूर आला की आपण काय विचारतो? "पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" म्हणजे रामकुंडाजवळच्या त्या उंच मूर्तीच्या. पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, डोक्यावरून गेलं. त्याही पुढे गेलं तर नारोशंकराच्या देवळावरच्या घंटेची गोष्ट निघते. १९६९, २००८, २०१६, २०१९ या पुरांची तुलना आजही लोक याच खुणांवर करतात, कारण खूण हलत नाही आणि सगळ्यांना माहीत आहे.

आता फक्त एवढं करायचं की फोटो काढताना मारुती पूर्ण चौकटीत घ्यायचा, वेळ लिहायची आणि त्या वेळी गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग चालू आहे तो आकडा शेजारी टाकायचा. विसर्ग किती झाला की पाणी कुठल्या खुणेला किती वेळात पोहोचतं, याची शहरातल्या लोकांनी केलेली जंत्री तयार होईल. सराफ बाजारातल्या, भांडी बाजारातल्या दुकानदारांना याचा उपयोग मी वेगळा सांगायला नको.

केमिस्ट्रीवाली | रविवार, दुपारी ३:१०

वरचा प्रतिसाद फार आवडला. सातपूरकर दादा म्हणतात तसा वास येतो हे खरं, पण वासाचा आकडा लिहिता येत नाही. मी रसायनशास्त्र शिकवते आणि विद्यार्थ्यांबरोबर नदीचं पाणी तपासते. सविस्तर लिहिते, कारण पाण्याच्या बाबतीत पद्धत चुकली तर आकडा असूनही काही उपयोग नाही.

पहिली गोष्ट जागा. आपल्या नदीचा उतार मनात आणा. गंगापूर धरण, सोमेश्वर, आनंदवल्ली, रामकुंड, तपोवनातला कपिला संगम, मग समर्थांच्या टाकळीजवळ मिळणारी नासर्डी. नाल्याच्या किंवा उपनदीच्या तोंडाच्या थोडं वर एक जागा आणि पाणी नीट मिसळल्यावर खाली एक जागा, अशी जोडी घ्यायची. जोडी असली की कुठून काय येतंय ते दिसतं. एकाच जागेचा आकडा एकटा पडतो.

दुसरी गोष्ट वेळ. पाण्यात विरघळलेला प्राणवायू दिवसभर बदलत असतो. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, म्हणून दुपारी आकडा चांगला येतो, आणि रात्रभर सगळेच श्वास घेतात म्हणून पहाटे तो तळाला जातो. मासे मरतात ते बहुधा पहाटे. एकाने सकाळी सहाला आणि दुसऱ्याने दुपारी दोनला मोजलं तर त्या दोन आकड्यांची तुलना करता येत नाही. आपण सूर्योदयाच्या आसपासची वेळ ठरवूया.

प्राणवायूची चाचणी एकदा डोळ्यांनी बघाच. काचेची बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग मँगनीज सल्फेटचं द्रावण आणि अल्कधर्मी आयोडाइडचं द्रावण थोडं थोडं सोडायचं, बूच लावायचं आणि बाटली उलटसुलट करायची. प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, जितका जास्त तितका गडद. पाण्यात प्राणवायूच नसेल तर साका पांढराच राहतो. पहिल्यांदा पांढरा साका बघितलेली मुलं बराच वेळ काही बोलली नाहीत. पुढचं आम्ल घालून टायट्रेशन करायचं काम प्रयोगशाळेतच, जाणकाराच्या हाताने.

आकडे कशाशी ताडायचे? आंघोळीच्या पाण्यासाठी आपल्याकडची मर्यादा अशी आहे: विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅम किंवा कमी, सामू (पीएच) ६.५ ते ८.५. २५ अंशाला स्वच्छ पाण्यातही प्राणवायू जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो, त्यामुळे प्राणवायू ५ आहे की ३, यातला फरक किती मोठा आहे ते लक्षात घ्या. २०२७ चा कुंभ तोंडावर आहे, लाखो माणसं या पाण्यात उतरणार आहेत. तेव्हाच्या आकड्यांना अर्थ येण्यासाठी आत्ताचे आकडे हवेत.

रसायनं नको असतील त्यांच्यासाठी दगडाखालचे किडे आहेत. वाहत्या पाण्यातला दगड उलटा करून पांढऱ्या ताटलीत ठेवा. शेपटीला दोन-तीन लांब धागे असलेली, चपळ अशी मेफ्लायची पिल्लं दिसली तर पाणी बऱ्यापैकी चांगलं. चिखलात नुसत्या लालभडक अळ्या वळवळत असतील तर तिथे प्राणवायू कमी आहे. त्या अळ्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या अशा पाण्यातही तगतात. किडे बघून झाले की दगड होता तसा ठेवायचा.

आणि कळकळीने सांगते, हातमोज्यांशिवाय नाल्याच्या तोंडाशी हात घालू नका. पावसाळ्यात विसर्ग चालू असताना पात्रात उतरायचं नाही, नमुना एक आठवडा चुकला तरी चालेल.

सातपूरकर | रविवार, संध्याकाळी ६:३०

केमिस्ट्रीवाली ताई, पाण्याचं पटलं. निर्णय बदलतील याची खात्री मला अजून नाही, ते तसंच राहू द्या. पण एक विचारतो. तुमची सामू मोजायची यंत्रं तपासून कोण घेतं? मी औद्योगिक वसाहतीत मापन-उपकरणांच्या तपासणीचंच काम करतो. स्वस्तातली पेनसारखी यंत्रं महिन्या-दोन महिन्यांत सरकतात. दर वेळी निघण्याआधी सामू ४, ७ आणि ९.२ च्या बफर द्रावणात (ज्याचा सामू आधीच ठाऊक असतो) बुडवून आकडा लिहून ठेवायला हवा, आणि तो आकडा नोंदीसोबतच जायला हवा. उद्या कुणी आव्हान दिलं तर पहिला प्रश्न हाच येईल. यंत्रं आणून दिलीत तर मी तपासून देतो.

केमिस्ट्रीवाली | रविवार, संध्याकाळी ६:५२

दादा, याहून मोठी मदत नाही. तापमापक पण देते सोबत.

निफाडचा_द्राक्षवाला | रविवार, रात्री ९:००

राम राम मंडळी. पावसाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

आपला जिल्हा म्हणजे इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि सिन्नर-येवल्याकडे पाचशेच्या आसपास. एवढा फरक तालुक्या-तालुक्यात आहे तसा शिवारा-शिवारातही आहे. नुकसानीचा विषय आला की मंडळातल्या केंद्राचा आकडा धरतात. केंद्रावर चार मिलिमीटर आणि माझ्या बागेत मणी फुटेपर्यंत पाऊस, हे कितीदा झालंय. आमच्या गटातल्या काही जणांनी साधे पर्जन्यमापक लावलेत. आता या नोंदी नुसत्या आमच्या व्हॉट्सॲपवर राहतात. त्याचं पुढे काय करायचं?

दुसरं जरा नाजूक. नांदूरमधमेश्वर आमच्याजवळच. पक्ष्यांच्या नोंदी वाढल्या की उद्या आमच्या शेतांवर काही बंधनं येतील, अशी धास्ती गावात आहे. ती शहरातल्या लोकांनी हसण्यावारी नेऊ नये.

पाणवठा | रविवार, रात्री १०:२५

@निफाडचा_द्राक्षवाला, दादा, दोन्ही मुद्दे मोलाचे.

पावसाचं आधी. तुम्ही जे म्हणताय त्याच कारणाने अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एक मोठं काम उभं राहिलं. २८ जुलै १९९७ च्या रात्री फोर्ट कॉलिन्स गावाच्या एका टोकाला चौदा इंचांहून जास्त पाऊस पडला आणि दुसऱ्या टोकाला दोन इंचही नाही. पूर आला, माणसं गेली. पुढच्या वर्षी तिथल्या लोकांनी घरोघरी एकाच प्रकारचे पर्जन्यमापक लावून रोजचा आकडा एकत्र करायला सुरुवात केली. तो उपक्रम त्यांच्या देशभर पसरला. त्यांचा एक नियम आपण उचलावा असा आहे: पाऊस पडला नाही त्या दिवशीही शून्य लिहायचं. कोरी जागा ठेवली तर पाऊस नव्हता की माणूस गावाला गेला होता, ते कळत नाही.

तुमच्या गटाने सगळ्यांनी एकाच बनावटीचे मापक घ्यावेत, झाड-भिंतीपासून लांब मोकळ्यावर लावावेत आणि सकाळी साडेआठलाच वाचावेत. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो, म्हणजे तुमचा आकडा आणि त्यांचा आकडा शेजारी ठेवता येतो. आकडे एका सामायिक तक्त्यात भरा, गाव आणि शिवार लिहा. गारांसाठी त्या लोकांची एक युक्ती आहे. थर्माकोलच्या जाड पत्र्याला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळून बागेत खुंटीवर आडवा ठोकायचा. गारपीट झाली की त्यावर खड्डे उमटतात, गारेचा आकार आणि मारा किती होता ते त्यावरून मोजता येतं. तारीख टाकून फोटो काढायचा आणि नवा पत्रा लावायचा.

आता धास्तीचं. नांदूरमधमेश्वर १९८६ पासून अभयारण्य आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. बंधनं येतात ती अधिसूचनेने, हरकती-सूचना मागवून. कुणी शेताच्या बांधावरून दहा पक्ष्यांची यादी टाकली म्हणून ती येत नाहीत. तरीही तुमच्या शेताचं ठिकाण द्यायचं की नाही, हा हक्क तुमचा. गट नंबर कधीच लिहू नये, गावाचं नाव पुरेसं आहे. आणि शेतकऱ्याला न विचारता त्याच्या बांधावर दुर्बीण लावून उभं राहू नये, हे शहरातल्या आम्हा लोकांना सांगायलाच हवं.

खरं तर तिथली सगळ्यात चांगली नोंद तुमच्याकडूनच येईल. चापडगाव, खाणगाव थडी, मांजरगाव इथे बाहेरचे लोक हिवाळ्यात रविवारी येतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक मोजतात आणि जातात. मे महिन्यात गाळ उघडा पडतो तेव्हा शेकाट्यांची घरटी कुठे असतात, भर पावसात काय राहतं, हे बारा महिने तिथे असलेल्यालाच दिसतं. चक्रवाक पहिल्यांदा कधी उतरले आणि शेवटचे कधी गेले, एवढ्या दोन तारखा जरी दर वर्षी लिहिल्यात तरी त्या सोन्यासारख्या आहेत.

खडूफळा | सोमवार, सकाळी ७:१०

पेठ तालुक्यातल्या शाळेत शिकवतो. आमच्याकडे झाडांच्या नोंदी चालतात, सीझनवॉच नावाचा उपक्रम आहे. एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला बघायचं: कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं. प्रत्येकापुढे 'नाही', 'थोडी' किंवा 'भरपूर' एवढंच लिहायचं. बहावा अवेळी फुलतोय असं आपण नुसतं बोलतो, इथे ते दर आठवड्याच्या नोंदीत उतरतं.

मुलांनी शाळेच्या आवारातला आंबा, पांगारा आणि बांधावरचा मोह घेतलाय. मोहाची फुलं कधी गळायला लागतात ते घरोघरी ठाऊक असतं, कारण पहाटे वेचायला जायचं असतं. मुली घरच्या म्हाताऱ्यांना विचारून येतात आणि म्हाताऱ्या नुसतं उत्तर देत नाहीत, झाडापर्यंत चालत येतात. गलोल घेऊन फिरणारी पोरं आता "सर, आमच्याकडं भारद्वाजानं काड्या न्यायला सुरुवात केली" असं सांगत येतात. शहरातल्या शाळांनी हे जरूर करावं. गंगापूर रोडच्या जुन्या वडांपैकी एकेक वड एकेका वर्गाने घेतला तर?

घरबसल्या_आजी | सोमवार, सकाळी ११:००

मला फार चालवत नाही. देवळाली कॅम्पला राहते, अंगणात तांबट, दयाळ, शिंपी येतात. आमच्या ह्यांच्या जुन्या डायऱ्या आहेत, त्यात पक्ष्यांची नावं तारखेसह लिहिलेली आहेत. त्यांचं काही होईल का, की आता उशीर झाला?

पाणवठा | सोमवार, सकाळी ११:४०

आजी, उशीर मुळीच झालेला नाही! ई-बर्डमध्ये जुन्या याद्या टाकायची सोय आहे. तारीख आणि जागा कळत असेल तर त्या नोंदी आजही तितक्याच कामाच्या. किती वेळ बघितलं, सगळे पक्षी लिहिले होते का, हे डायरीत नसेल तर तसंच मोकळं सोडायचं, अंदाजाने भरायचं नाही. डायऱ्यांच्या पानांचे फोटो आधी काढून ठेवूया, शाई उडायच्या आत. मी स्वतः येऊन मदत करते, तुम्ही वाचून दाखवा, मी भरते.

अंगणातली पंधरा मिनिटं खुर्चीत बसून करता येतात. आणि अगदी घरात बसून करायचं असेल तर झूनिव्हर्स या संकेतस्थळावर जगभरातले संशोधक आपापलं साहित्य ठेवतात: जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो, जुन्या जहाजांच्या रोजनिश्यांतलं हवामान. ते वाचून, ओळखून द्यायचं असतं.

रानवाट | सोमवार, दुपारी २:२०

वनस्पतींबद्दल एक इशारा देतो. आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकला की दुसरे लोक ओळख पटवतात, दोघांचं जमलं की नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरते. सुंदर सोय आहे. पण अंजनेरीवर कंदीलपुष्पाची एक जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, शास्त्राला २००६ मध्ये कळली. जगात मोजक्या जागी उरली आहे आणि तिचं नावच आपल्या डोंगरावरून पडलंय. अशा झाडाची अचूक जागा समाजमाध्यमांवर गेली की पुढच्या पावसाळ्यात कंद उकरलेला सापडतो.

आय-नॅचरलिस्टमध्ये जागा झाकता येते, मग नकाशावरचा ठिपका वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दिसतो. संकटग्रस्त म्हणून यादीत असलेल्या जातींचं ते आपोआप होतं, बाकीच्यांचं आपण करायचं. गिधाडांच्या कड्यांचं, घुबडांच्या ढोल्यांचं, कुठल्याही घरट्याचं हेच. आणि फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलात तर त्यात जागेची माहिती तशीच जाते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. झाकलेली नोंदही संशोधकांना मागून मिळते, त्यामुळे माहिती वाया जात नाही. फुलाच्या फोटोसाठी आजूबाजूची रोपं तुडवू नका, अंजनेरीच्या पठारावर पाय टाकायची जागा बघून टाका.

नवखा_इंदिरानगर | सोमवार, रात्री ८:४५

सगळं वाचून काढलं. काल पांडवलेणीच्या पायथ्याशी थांबलो होतो. वेडा राघू आणि कोतवाल नव्याने ओळखता आले. टिटवी ऐकू आली पण दिसली नाही, लिहू का?

पाणवठा | सोमवार, रात्री ९:०५

आवाज खात्रीने ओळखलात तर लिहा, ऐकलेलाही धरतात. टिटवीच्या बाबतीत चूक व्हायची शक्यता फार कमी.

आता ठरवूया. गणनेच्या आधीच्या रविवारी सकाळी साडेसहाला तपोवनात, कपिला संगमापाशी भेटू. अर्धा तास पक्षी, मग केमिस्ट्रीवाली ताई पाण्याची चाचणी दाखवतील. सातपूरकर दादा, त्याआधी यंत्रं तुमच्याकडे पोहोचवते. वही-पेन्सिल प्रत्येकाने आणावी, रेंज नसली की फोन दगा देतो. भडक कपडे नकोत, स्पीकर नको, खाऊचा कागद खिशातच परत न्यायचा. दुर्बीण असलेल्यांनी आणावी, आळीपाळीने वापरू. निफाडकर दादांना शहरात यायला जमणार नसेल तर आम्ही नंतरच्या आठवड्यात खाणगाव थडीला येतो, तुम्ही सांगाल त्या वेळी आणि तुम्ही सांगाल त्या बांधापर्यंत.

निफाडचा_द्राक्षवाला | सोमवार, रात्री ९:५०

या की. बुधवार सोडून कधीही, त्या दिवशी आमच्याकडे फवारणी असते. चक्रवाक सध्या सकाळी हरभऱ्याच्या रानात उतरतात, ऊन चढलं की पाण्यात जातात. आठच्या आत पोहोचा. थर्माकोलचे पत्रे किती जाडीचे घ्यायचे तेवढं सांगा, गटातल्या सगळ्यांसाठी एकदमच आणतो.

पाणवठा | सोमवार, रात्री १०:१०

इंचभर जाडीचे, साधारण एक फूट चौरस. सगळ्यांचे एकाच जाडीचे, एकाच दुकानातून घ्या, नाहीतर खड्ड्यांची तुलना होणार नाही. कागद नीट ताणून बसवा, चुण्या राहू देऊ नका.